जागेवाला कोण?

फोन आतेने उचलला आणि पहिला घोटाळा तिथेच झाला.

आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, तेव्हापासून ती लाटंबार्शाच्या आमच्या घरातच आहे. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि फोन ती नेमका उजव्याच कानाला लावते. पलीकडे चंदगडकडचा एक मिस्त्री होता. घरामागच्या बॅडमिंटन कोर्टवर प्लास्टिकच्या टाइल्स बसवायचं काम माझ्या वयनीने, म्हणजे वहिनीने, त्याला दिलं होतं. त्याचा आवाज इतका दणदणीत की मला आत शेगडीपाशी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"जागेवाला कोण हाय तिथं? मला जागेवाल्याशी बोलायचंय."

आते दचकली. "जागेवाल्याकडे? फोनार?"

"व्हय की. काम सुरू करायच्या आधी भेटाय पायजे ना. कुठं असतात ते?"

"फाटल्या काजीमुळां," आते म्हणाली, म्हणजे मागच्या काजूच्या झाडापाशी. "पूण तो तुका दिसचो ना रे. आणि हात हालवीत येऊ नाका. रोट हाड, विडी हाड."

म्हणजे तो दिसणार नाही, रिकाम्या हाताने येऊ नको, रोट आण, विडी आण. मग मिस्त्री म्हणाला, "कुठली विडी वढतात?"

मी हसून हसून खाली बसले. वयनीनेही पदर तोंडाला लावला. त्या घरात तीन पावसाळ्यांनंतर कोणीतरी हसलं होतं आणि ते आमचं आम्हालाच जरा चुकल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे जागेवाला म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस नव्हे. जागेवाला म्हणजे राखणदार, जागा सांभाळणारा. बोलीत त्याला 'जाग्यावयलो' म्हणतात. म्हातारा असतो, कमरेला पंचा, खांद्यावर कांबळं, हातात काठी. उजाडायच्या वेळी हद्दीवरून एक फेरी मारतो आणि बोलतो फार थोडं. आतेने त्याला पाहिलाय, असं ती सांगते. मी देवदेवस्कीवर विश्वास ठेवणारी नाही. पण लहानपणी शिवलेली भीती चाळिशी उलटली म्हणून उसवत नाही, हेही खरं.

आता कोर्टचं सांगते. माझा दादा आणि वयनी, दोघांनाही बॅडमिंटनचं वेड. वयनी डिचोलीकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. लग्न झाल्यावर दादाने परसातली केळी काढून सिमेंटचं कोर्ट घातलं आणि त्याच्या रेषा स्वतः रंगवल्या. बाबा तेव्हा मागच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या झिलाने कोर्टच घरात आणलं!" बाबा म्हणजे नुसतं तोंड. गावात कोणाची गाडी आली, गोठा झाला, विहीर पाडली, की गाऱ्हाणं घालायला बाबांना बोलावणं. देवापुढे नारळ धरून ते असं काही खणखणीत बोलायचे की मागून 'होय म्हाराजा' म्हणताना माणसांना चेव यायचा.

दादा-वयनीला मूल झालं नाही. त्यांनी त्याचं रडगाणं केलं नाही. संध्याकाळी वाड्यावरच्या पोरींना गोळा करून शिकवू लागले. कोणी काजीच्या बागेतून, कोणी शेतातून, हातपाय धुऊन तशाच पळत यायच्या. मी कोरगावला दिलेली, पेडण्याला नोकरी. माहेरी आले की आधी तो किलबिलाट कानावर यायचा, मग घर दिसायचं.

मग एका संध्याकाळी दादा खेळता खेळता खाली बसला, आडवा झाला आणि गेला. मला सांगितलं गेलं ते एवढंच. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

बारावं-तेरावं झालं आणि पोरी यायच्या थांबल्या. आयांना दोष कसा द्यायचा? जिथे माणूस पडला तिथे तिन्हीसांजेला आपली पोर कोण पाठवेल? कोर्टवर शेवाळ चढलं. आणि बाबांनी बोलणं सोडलं. जीभ गेली नव्हती, डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. जेवायचे, अंघोळ करायचे, पण बोलायचे नाहीत. आपल्या खोलीचं परसाकडचं जनेल, म्हणजे खिडकी, त्यांनी लावून घेतलं आणि मागच्या दाराने पाऊल बाहेर टाकलं नाही.

वयनीने मला जानेवारीत फोन केला. "बाय, मी कोर्ट नवीन करतां. वयर टाइली घालतां. मग आवयो परत चलयांक धाडटल्यो." म्हणजे आया पुन्हा मुलींना पाठवतील. तिचा हिशेब साधा होता. जमीन बदलली की जागा बदलेल, जागा बदलली की भीती जाईल, आणि तिच्या संध्याकाळी तिला परत मिळतील.

माझं तोंड फाटकं आहे. सासरी सगळे म्हणतात आणि खोटं म्हणत नाहीत. तिला ती जागा झाकायची आहे, एवढंच मला ऐकू आलं आणि मी फोनवरच भडकले. "वयनी, तुका ती जागा झाकूक जाय, सरळ सांग मगो!"

"हय," ती म्हणाली. "झाकूक जाय. दर सकाळी शेगडी पेटयताना जनेलांतल्यान हांव कितें पळयतां, तें तुका खबर ना."

रोज सकाळी खिडकीतून तिला काय दिसतं ते मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मला ते पटलं नाही. तो तिचा नवरा होता तसा माझा भाऊही होता. त्याने घातलेली जमीन, त्याने मारलेल्या रेषा, तो जिथे शेवटचा टेकला ती जागा, हे सगळं प्लास्टिकखाली घालायचं? मी रजा टाकली आणि गेले. मदतीला आले म्हणून सांगितलं, पण खरं म्हणजे काम थांबवता आलं तर थांबवायला गेले होते.

पहिल्या संध्याकाळीच तो आवाज ऐकला. मी चहा गाळत होते. बाहेरून एकदाच आलं, टप्. रॅकेटवर फूल नीट मधोमध बसलं की येतो तो आवाज. बॅडमिंटनच्या घरात वाढलेल्या माणसाला तो कळतो, चूक होत नाही. मी मागचं दार उघडून पाहिलं. शेवाळाने काळं झालेलं कोर्ट, गंजलेले दोन खांब, जाळी कधीच काढून ठेवलेली. काजीला मोहर आला होता, त्याचा वास. बाकी चिटपाखरू नाही.

"ऐकलंस मगो?" वयनीने मागून विचारलं. "दर सांजे येता."

"खांबाची कडी वाजत असेल," मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कडीला सुतळी गुंडाळली. संध्याकाळी आवाज पुन्हा आलाच. त्यानंतर मी कडीचं नाव काढलं नाही.

मिस्त्री आला तो खरंच विड्यांचं बंडल घेऊन. दारातच त्याने ते वयनीच्या हातात दिलं, "जागेवाल्यांना द्या." वयनीने चेहरा गंभीर ठेवून ते काजीखाली नेऊन ठेवलं. खुलासा कोणीच केला नाही. करायला हवा होता, हे मागाहून कळलं.

काम सुरू व्हायच्या आधी आतेने हट्ट धरला की गाऱ्हाणं झाल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही. ती नारळ घेऊन बाबांच्या खोलीत गेली. मीही दारात उभी राहिले. खरं सांगते, मला आशा होती. गाऱ्हाण्याला तरी तोंड उघडतील. बाबांनी नारळाकडे पाहिलं, आतेकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"मग मी घालते," मी म्हटलं.

आतेने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. नारळ तसाच काजीमुळाशी ठेवला गेला. "मुक्या नाल्लाचो कितें उपेग?" म्हणून ती दिवसभर पुटपुटत राहिली.

पहिल्यांदा शेवाळ धुतलं. जोराच्या पाण्याचा पाइप लावून मिस्त्री एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जात होता आणि काळ्याखालून हळूहळू दादाच्या पांढऱ्या रेषा वर येऊ लागल्या. मला त्या पुसून गेल्या असतील असं वाटत होतं. एकही गेली नव्हती. पाठच्या रेषेचा तो वाकडा फाटासुद्धा दिसला. रंग मारताना दादाला हुमला चावला होता, लाल मुंगी, आणि ब्रश उडाला होता. पुसायचं सोडून तो त्या फाट्याला "हुमल्याची लाइन" म्हणायचा आणि फूल तिथे पडलं की आत की बाहेर यावरून भांडायचा. मी पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. मिस्त्रीला वाटलं पाणी डोळ्यात उडालं. त्याने पाइप बंद केला आणि माफी मागितली.

टाइल म्हणजे वीतभर मोठा, जाळीदार, हलका तुकडा. दोन बाजूंना कड्या, दोन बाजूंना खुंट्या. शेजारच्या टाइलच्या कडीवर खुंटी आणायची आणि वरून रबरी हातोड्याने ठोकायची की खट् करून बसली. ठेका धरून काम चालतं, ठोक-खट्, ठोक-खट्. मिस्त्री बडबड्या आणि फुशारकी मारणारा. मांद्र्याच्या कुठल्या हॉटेलात एका दिवसात केवढं काम उरकलं ते त्याने मला सकाळीच ऐकवलं आणि त्या नादात पहिल्या दोन ओळी उलट्या बसवल्या. कड्या भिंतीकडे, खुंट्या बाहेर, पुढची टाइल जोडायला जागाच नाही. सगळं उचकटावं लागलं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हटलं. "हातसुद्धा चालवा तेवढाच."

"नजर बसली न्हाई बाई," तो ओशाळून म्हणाला. "ह्या जागेत कसं कोण जाणे, पाठीमागं कोणतरी हुभं हाय असं वाटतंय."

वयनी तेव्हा शाळेत होती. बरं झालं. मी त्याला म्हटलं, पाठीमागे मीच उभी आहे, काम करा.

त्या संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून अधिक कोर्ट हिरवं झालं होतं. तो निघून गेला, ऊन उतरलं आणि बाहेर चालण्याचा आवाज सुरू झाला. टक. टक. थोडं थांबून पुन्हा टक, जरा पलीकडे. आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. आते तांदूळ निवडायची थांबली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बाबांच्या खोलीतून पलंग करकरल्याचा आवाज आला. मी मिस्त्रीला फोन लावला तर तो म्हणाला, "टाइली दिवसभर तापल्यात, आता निवायल्यात. आकसताना वाजतातच." कारण पटण्यासारखं होतं. मी दोघींना सांगितलं. तरी जेवण होईपर्यंत आम्ही तिघीही कान देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा मिस्त्री येऊन कामाला लागलेला होता. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून तो उजाडतानाच आला होता. पण आवाज वेगळा होता. ठोक-खट् नाही. काहीतरी दबकं, फसकन् येणारं. मी चूळ भरून मागे गेले. त्याने आपला टॉवेल हातोड्याला गुंडाळून वर सुतळी बांधली होती. एकेक टाइल अंजारून गोंजारून बसवत होता. कालच्या मानाने काम अगदीच गोगलगायीच्या चालीने चाललं होतं.

"काय हो, असं केलंत तर शिमगा इथेच करावा लागेल तुम्हाला!"

त्याने चटकन तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला बाई. जागेवाल्यांनी सांगितलंय. पोरगं निजलंय."

"कोणाचं पोरगं?"

"जागेवाल्यांचं. मला काय म्हाईत? हळू ठोक म्हणाले."

"आमच्या घरात पोर नाही," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात सांगू लागला. नीट उजाडलंही नव्हतं. तो दोरी लावत होता. वळून बघतो तर काजीकडे एक म्हातारबाबा उभे. पंचा नेसलेले, खांद्यावर कांबळं, हातात काठी. पुढे आले आणि पाठच्या रेषेजवळ काठीने दाखवलं. थोडंच बोलले आणि गेले.

माझ्या मागे आते येऊन उभी होती, ते मला माहीत नव्हतं. डाव्या कानाने तिने सगळं ऐकलं होतं. ती पायरीवर बसली आणि हात जोडले. "जाग्यावयलो! मुको नाल्ल दिलो आमी ताका. खंयच्या भुरग्याक तो न्हिदयता रे देवा?" कुठल्या पोराला तो निजवतोय, असं देवालाच विचारून झाल्यावर तिने मिस्त्रीला जागेवाला म्हणजे कोण ते एका दमात सांगून टाकलं. तो टाइल्सवरून उठला आणि चप्पल शोधू लागला. आणि मी, देवदेवस्की न मानणारी, मी काजीकडे बघायचं टाळत होते. सरळ सांगते, मी घाबरले होते.

वयनी आवाज ऐकून बाहेर आली. तिला परत सगळं सांगावं लागलं. ती घाबरली नाही. दाराची चौकट धरून तिने मिस्त्रीला विचारलं, "नेमकं काय म्हणाले? त्यांचे शब्द सांगा."

"म्हणाले," त्याने आठवून सांगितलं, "'भागला तो. निजू दे. उठवू नको.'"

वयनीने चौकट सोडली. ती वळली आणि सरळ बाबांच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे. बाबा डोळे मिटून पडले होते. पायथ्याशी कांबळं होतं, त्याची कड दवाने ओली. पायांच्या तळव्यांना हिरवा प्लास्टिकचा कीस चिकटलेला, मिस्त्रीने टाइल कापताना उडालेला.

मला आधी कळलं ते एवढंच की बाबा बोलले. तीन वर्षांनी बोलले! मागच्या दाराने बाहेर गेले आणि एका परक्या माणसाशी बोलले! मी आनंदाने ओरडणारच होते. वयनीने माझा दंड घट्ट धरला आणि मला स्वयंपाकघरात आणलं.

"त्या सांजे बाबा पायरीर बसलेले," ती म्हणाली.

हे मला माहीत नव्हतं. वयनीने उभ्या उभ्याच सांगितलं. दादा पाठच्या रेषेपाशी बसला, मग कुशीवर आडवा झाला, हात डोक्याखाली. तिला वाटलं नाटकं करतोय, हरायला लागला की करायचा. ती हसत त्याला हलवायला निघाली. तेव्हा बाबा पायरीवरून म्हणाले, "भागला तो. न्हिदूं दी. उठयनाका." दिवसभर दादा बागेत राबला होता. तिलाही वाटलं, बरोबर आहे, पडू दे घडीभर. ती चहा ठेवायला आत आली. चहा झाल्यावर कप घेऊन गेली आणि मग आरडाओरडा झाला.

"डॉक्टरांनी म्हळां, टेकलो तेन्नाच गेल्लो," वयनी म्हणाली. "कितें करूंक जाता आशिल्लें? कांयच ना. बाबांक हांवें शंबर फावट सांगलें. आयकनात."

काही करता येण्यासारखं नव्हतं, हे तिने शंभरदा सांगूनही बाबांना पटत नव्हतं; म्हणून त्यांनी तोंड बंद केलं होतं. जे तोंड गावासाठी देवाकडे मागायचं, त्याच तोंडातून ती तीन वाक्यं निघाली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुका? तूं तापट. तूं बाबांक कितें तरी म्हणटली आशिल्ली."

म्हटलंच असतं. त्या दिवसांत तर नक्कीच म्हटलं असतं. तिने तीन वर्षं ते एकटीने पोटात ठेवलं होतं, सासऱ्यासाठी, माझ्यापासून लपवून. आणि मी फोनवर तिला काय काय बोलले होते!

पण राग गेला तरी माझं म्हणणं आणखीच पक्कं झालं. "काम थांबव, वयनी. त्यांना वाटतंय दादा तिथे निजलाय. पोरी त्याच्यावर नाचणार आणि ते आत पडून ऐकणार? बाबा आहेत तोपर्यंत नको. माझं ऐक."

"म्हणजे दोगांयक थंयच दवरूंया?" वयनीने मला विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एकल्याक न्हिदयून आणि दुसऱ्याक राखणेक बसोवन?"

एकाला निजवून, दुसऱ्याला राखणीला बसवून दोघांनाही तिथेच ठेवायचं, माझ्या म्हणण्याचा अर्थ तोच होत होता. तिने तोंड धुतलं, बाहेर जाऊन मिस्त्रीला पाणी दिलं आणि सांगितलं, तो म्हातारा माणूसच होता, माझा सासरा, घाबरू नका. पोर कोणतं, ते मात्र तिने सांगितलं नाही. बिचारा जीव भांड्यात पडल्यासारखा परत बसला. टॉवेल त्याने काढला नाही. घरात कोणाचं तरी लेकरू निजलंय, पाहुण्यांचं असेल, असं त्याने आपलं ठरवून टाकलं असावं.

दिवसभर तो दबका आवाज चालू होता. दुपारी तो पाठच्या रेषेवर आला. हुमल्याची लाइन हिरव्याखाली गेली तेव्हा मी बघितलं नाही, आत जाऊन भांडी घासत बसले. वयनी मात्र तिथेच उभी होती. तिन्हीसांजेच्या सुमारास शेवटची टाइल खांबाच्या मापाने कापून बसली. वयनी आत गेली आणि रॅकेट घेऊन आली. हे मला आवडलं नाही. इतकी घाई कशाला, असं मनात आलं. पण ती खेळायला लागली नाही. रॅकेट हातात धरून काठाशी उभी राहिली. तिचा पाय पुढे पडेना. आते तुळशीपाशी दिवा लावायची थांबून बघत होती.

तेवढ्यात मागच्या दारात काठी वाजली. बाबा होते. कांबळं पांघरलेले, अंधार पडायच्या आधी, आम्हा सगळ्यांसमोर. एकेक पायरी उतरून ते कोर्टच्या काठापर्यंत आले आणि थांबले.

मिस्त्री सामान बांधत होता. तो खूश होऊन उभा राहिला. "या आजोबा! झालं बघा. एकदाबी जोरात ठोकलं न्हाई मी. तुमचं पोरगं काय उठलं न्हाई ना?"

आतेने डोळे मिटून घेतले. बाबांनी त्या माणसाकडे पाहिलं, मग पाठची रेषा होती तिकडे. मला ते बघवेना. मी धावत गेले, त्यांचा दंड धरला आणि जे कधी बोलले नसते ते बोलले. "बाबा, चला आत. कोणी खेळत नाही. कोणी आवाज करत नाही. निजू दे त्याला."

बाबांनी माझा हात सोडवला. हळूच, पण सोडवला. घसा खाकरला. इतक्या वर्षांत न वापरलेला तो आवाज आधी नुसता वारा होऊन आला, मग त्यात शब्द आले.

"तिका खेळूंक दी," ते मला म्हणाले. "तो आतां उठचो ना."